कुडाच्या दोन्ही बाजूंचा मावा

आमच्या घरात दोन चुली झाल्या त्या साली वालूरला थंडी अशी पडलीच नाही. एखादी रात्र गार जायची, आता हुरडा जमणार असं वाटायचं, आणि सकाळी उठून बघावं तर आभाळ. पाऊस नाही, ऊन नाही, राखेच्या रंगाचं आभाळ नुसतं डोक्यावर टांगलेलं. माणसं ओसरीवर बसायची, उठायची, अंगणात येऊन वर बघायची आणि परत जाऊन बसायची. दादा, म्हणजे माझे वडील, शेतातून आले की पायांवर पाणी घेता घेता एकच वाक्य बोलायचे, ''असं आभाळ राहिलं की मावा पडतोय बघ. करडी गेली समज.'' करडीवर तर तो रस शोषणारा बारीक किडा पडलाच. पण त्या वर्षी आमच्या घराचं जे काही झालं ते करडीच्या माव्यानं नाही, परसातल्या माव्यानं झालं. परस म्हणजे घरामागचा जमिनीचा तुकडा, आड, दोन पेरूची झाडं आणि भाजीचे वाफे. माझं बाळपण त्या तुकड्यात गेलं आणि संपलंही तिथंच, असं मला अजून वाटतं.

घरात माय, दादा, माझा धाकटा भाऊ आणि मी. नामदेवकाका हा दादांचा धाकटा भाऊ आणि गोदाकाकू त्याची बायको. माझ्या पाठीवर वर्षाच्या आतच भाऊ आला. मायला दोन्ही लेकरं आवरेनात, म्हणून नुकतीच लग्न होऊन आलेल्या काकूनं मला उचललं. ती मला न्हाऊ घालायची, तिच्या गोधडीत मी निजायचे, शाळेत नाव घालायलाही तीच घेऊन गेली होती. मला आई दोन होत्या असं म्हणण्याची आता पद्धत आहे, पण खरं सांगायचं तर मला काकू होती आणि माय घरात होती. मायला ते कळत होतं. ती कधी बोलली नाही. बोलायचा तिचा स्वभावच नव्हता. चार माणसांत तर तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. काकू उलटी. ती भाकरी थापताना बोलायची, दळताना बोलायची, कुणी नसलं तर म्हशीशी बोलायची.

काकूला मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल घरात कुणी वाकडं बोलत नव्हतं, पण जिंतूरकडचे मामा बोलायचे. मामा म्हणजे दादांचे आणि काकाचे मामा. मोठा फेटा, मोठा आवाज, आणि आमचे आजोबा गेल्यापासून या घराचे कर्ते आपणच अशी त्यांची समजूत. आदल्या उन्हाळ्यात ते आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, ''नामाचं दुसरं लगीन करून टाकू. माझ्या बघण्यात एक पोरगी हाय.'' काका खाली बघून म्हणाला, ''बघू.'' दादांनी पानाचा डबा पुढं ओढला. मग मामांनी मायला दारात बोलावून घेतलं. ''थोरली सून तू. तुझं काय म्हणणं?'' माय पदर सावरून फरशीकडं बघत राहिली. आत दाराआड काकू उभी होती आणि तिच्या कमरेला धरून मी. काकूचं अंग गरम लागत होतं. ती वाट बघत होती. माय तशीच उभी राहिली आणि मग चहाच्या कपबश्या गोळा करून आत आली. मामा म्हणाले, ''झालं तर मग. घरात कुणाची ना न्हाई.''

लग्नाचं पुढं काही लगेच ठरलं नाही, सुगीनंतर बघू असं झालं. पण आठवडा उलटायच्या आत काकूनं वेगळी चूल मागितली. काका नको म्हणत होता. ती ऐकेना. मधल्या खोलीचं दार बंद झालं, भांडी वाटली, म्हैस आमच्याकडं आली आणि शेळ्या तिकडं गेल्या. परसाच्या मधोमध काकानं तुराट्यांचं कूड घातलं. तुरीच्या वाळल्या काड्या उभ्या रोवून काथ्यानं बांधलेलं ते कूड माझ्या गळ्याइतकं उंच होतं. मायनं मला सांगितलं, ''आजपासून हिकडं निजायचं.'' मी पहिल्या रात्री रडले, मग रडायची सोडली, पण झोप लागायची नाही. भिंतीपलीकडं काकूच्या बांगड्या वाजायच्या. ती कूस बदलायची ते मला ऐकू यायचं. मीही बदलायचे.

काकूनं पावसाळ्यातच कुडाला वाल लावला. वेल कुठं मानतो? दसऱ्यापर्यंत तो कुडावर चढला आणि अर्धा आमच्याकडं लोंबायला लागला. जांभळी फुलं, मग चपट्या हिरव्या शेंगा, आमच्या वाफ्यावर झुललेल्या. माय त्यातली एक शेंग तोडायची नाही. भावाला हात लावू द्यायची नाही. त्या शेंगा तिथंच निबर व्हायच्या, वाळायच्या, तडकायच्या आणि दाणे आमच्या मातीत पडायचे. मायच्या बाजूला मुळा, वांगी, मिरच्या आणि कोथिंबीर. काकूच्या बाजूला वाल, वालाखाली मेथीचा वाफा आणि टमाट्याची दोन झाडं. दोघी सकाळी एकाच वेळी पाणी घालायच्या. आड एकच होता. एकीची बादली वर येईपर्यंत दुसरी पाठ करून उभी राहायची.

बोलणं माझ्यामार्फत व्हायचं. ''मंदे, सांग तुझ्या काकूला, शेळी कोथिंबिरीत शिरायली.'' काकू पलीकडून ऐकत असायची, तरी मी कुडापाशी जाऊन सांगायचं. काकू म्हणायची, ''सांग तुझ्या मायला, शेळीला काय कळतंय वाटणी कुठून हाय ते.'' मी परत यायचे. मी घरात नसले की माय म्हशीला ऐकवायची आणि काकू शेळ्यांना. शाळेतून आले की मी कोणत्या दारातून आत जावं हे मला ठरवता यायचं नाही. अंगणात दप्तर घेऊन मी नुसती इकडून तिकडं करायचे. काकूच्या चुलीवरून लसणाच्या फोडणीचा वास यायचा, आमच्या चुलीवर वरण रटरटायचं, आणि माझ्या पोटात भूक असूनही घास उतरायचा नाही. माय ताट पुढं सरकवायची आणि माझ्याकडं न बघता म्हणायची, ''जायचं आसंल तर जा की. मी काय धरून ठिवलंय?'' असं म्हटल्यावर जाता येत नाही.

अशात मावा आला. पहिल्यांदा मीच बघितला. वालाच्या शेंड्यांना कुणी काळी मोहरी चिकटवली आहे असं वाटलं. बोट लावलं तर ती मोहरी हलली. कोवळ्या दांड्यावर, कळ्यांच्या खाली, पानाच्या मागच्या अंगाला, जिथं म्हणून रस आहे तिथं दाटीनं बसलेले बारीक काळे किडे, पाठीला पाठ लावून. चार दिवसांत शेंडे वाकडे झाले, फुलं गळायला लागली, खालची पानं तेल लावल्यासारखी चमकायला लागली. हात लावला की बोटं चिकट. मुंगळ्यांची रांग कुडावरून वर चढत होती आणि दुसरी खाली उतरत होती. त्यानंतर लगेच आमच्या मुळ्याच्या पानांमागंही मावा दिसला. मायनं पान उलटं करून बघितलं आणि म्हशीला सांगितलं, ''बघ बाई, तिकडची घाण हिकडं आली.'' पलीकडून काकू शेळीला म्हणाली, ''आमच्या वालावर कुठून आलाय ते बघा म्हणावं आधी.''

पुढं मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा मला कळलं की वालावरचा तो काळा मावा वेगळा आणि मुळ्यावरचा हिरवट राखाडी वेगळा. एक दुसऱ्याच्या झाडावर सहसा जगत नाही. दोन्ही बाजूंचा मावा आपापला होता, वरचं आभाळ तेवढं एकच. आता परभणीत आमच्या गच्चीवर सूनबाईनं कुंड्यांत वाल लावलाय. त्याला मावा लागला की ती मोबाईलवर उपाय शोधते आणि मला वाचून दाखवते. साबणाचं पाणी, निंबोळीचा अर्क, पाण्याची जोराची धार. मी ऐकून घेते. हे सगळं आमच्या परसात होऊन गेलं होतं, फक्त ते किड्यांवर कमी आणि एकमेकींवर जास्त चाललं होतं.

मायचा उपाय राखेचा. सकाळी पानांवर दव असताना जुन्या धोतराच्या पुरचुंडीत चुलीतली राख भरायची आणि झाडावर झटकायची. राख पानाला धरते, मावा गुदमरतो. पण झटकली की ती उडते, आणि वारा बहुतेक पलीकडं असायचा. काकूच्या मेथीवर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, एकदा तर उघड्या ठेवलेल्या ताकावर राख बसली. काकू धुण्याचं साबणाचं पाणी वालावर मारायची. ते कुडाखालून ओघळून आमच्या कोथिंबिरीत साचायचं आणि कोथिंबीर पिवळी पडायची. मग माय जास्त राख झटकायची. मग काकू जास्त पाणी मारायची. मावा थोडा कमी व्हायचा, दुपारी आभाळ दाटून यायचं, दोन दिवसांत पुन्हा शेंडे काळे. दोघींची बोटं काळी आणि चिकट. संध्याकाळी भाकरी थापायच्या आधी दोघी एकाच दगडावर, एकीमागून एक, हात घासायच्या.

काकाला हे सहन होईना. तो मुळात शांत माणूस. त्याला भांडण दिसलं की तो बैलांकडं जायचा. पण त्या हंगामात बैलांकडंही मन लागत नव्हतं. एकीकडं मामांचे निरोप येत होते, दुसरीकडं बायको रात्र रात्र जागी. कापसाची वेचणी चालू, आभाळाची धास्ती. एका सकाळी ताकातल्या राखेवरून काकूनं आवाज चढवला तेव्हा तो ओरडला, ''एवढ्याशा किड्यासाठी रोज सकाळी तमाशा! किडाच ठिवत न्हाई, मग काय कराल?'' काकू म्हणाली, ''करा काय करायचं ते.''

त्यानंतर काकू भाच्याच्या बारशाला माहेरी पालमला गेली. एसटीत बसवायला काका गेला होता. परत आल्यावर त्यानं ओसरीच्या कोपऱ्यातला फवाऱ्याचा पंप पाठीवर घेतला. तो पंप कापसाचा. आमच्याकडं त्या विषाला सगळे औषधच म्हणायचे, अजूनही म्हणतात. मी शाळेत होते. मायनं बघितलं. काकानं वालाचा वेल वरपासून खालपर्यंत भिजवला, कुडाच्या दोन्ही अंगांनी, आणि फवारा खालच्या मेथीवर, टमाट्यांवर पडत राहिला. मायनं पाण्याचे हंडे झाकले, वाळत घातलेले कपडे काढले. काका गेल्यावर आमच्या बाजूची कुडालगतची कोथिंबीर आणि मुळे तिनं उपटून उकिरड्यावर टाकले. मी शाळेतून आले तर मला म्हणाली, ''कुडाकडं फिरकायचं न्हाई.'' हे ती मला रोजच सांगायची. मी हो म्हटलं.

जेवताना दादांना तिनं सांगितलं, ''भावजींनी वालावर औषध मारलंय.'' दादा म्हणाले, ''मग गोदाला सांगंल की तो.'' माय म्हणाली, ''व्हय, सांगतील.'' एवढंच बोलणं झालं. काकाही असंच काही समजला असावा, की आल्यावर सांगू, किंवा वेल बघून तिला कळेलच. पण काकू यायच्या आधीच तो कापूस घालायला गाडी घेऊन जिंतूरला गेला.

काकू दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मी शाळेला निघाले होते, तिची पिशवी अंगणात दिसली तेव्हा दप्तर टाकून पळाले. माय शेतात वेचणीला गेली होती, दादाही, आणि भाऊ त्यांच्याबरोबर. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला कुणी बघत नव्हतं. काकूनं मला पोटाशी धरलं, माझे केस हुंगले, म्हणाली, ''तेल कुणी लावलं न्हाई का गं?'' मग ती परसात गेली. वेल बघून खूश झाली. मावा सगळा वाळून काळी पूड होऊन पडला होता. ''बघ मंदे, आपोआप गेला की!'' वास येत होता, पण तो वास कापसाच्या दिवसांत आमच्या घराला, काकाच्या सदऱ्याला, पंप ठेवायच्या कोपऱ्याला कायमच असायचा. कुणाला वेगळा वाटला नसता.

मला कच्च्या मेथीचा घोळाणा आवडतो हे तिला माहीत. तिनं मेथी उपटली, आडाच्या पाण्यात एकदा बुचकळली, बारीक चिरली. कांदा, शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ, वरून करडीचं कच्चं तेल. हातानं कालवून तिनं ते माझ्या ताटात ठेवलं आणि तव्यावरची भाकरी माझ्या पुढ्यात टाकली. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. काकू दुसरी भाकरी थापता थापता पालमच्या बारशाचं सांगत होती, कुणी काय नेसलं, बाळ कुणासारखं दिसतं. मी हसत होते. किती तरी दिवसांत मला पोटभर भूक लागली होती. दुसरी भाकरी मी मागून घेतली.

तेवढ्यात परसातून मायचा आवाज आला. ''गोदा! ए गोदा!''

काकूचा हात पिठातच थांबला. मायनं तिला नावानं हाक मारायला किती महिने झाले होते, कोण जाणे.

''मेथी कुणी उपटली गं?''

काकूचा चेहरा कसनुसा झाला. तिला वाटलं, बोलली ती अशी बोलली, एवढ्याशा मेथीवरून. ती बसल्या जागेवरून म्हणाली, ''माझ्या वाफ्यातली हाय, आक्का. मी उपटली. तुमाला काय करायचंय?''

''खाल्ली का? कुणी खाल्ली? अगं औषध मारलंय त्यावर भावजींनी! कापसाचं!''

काकू उठली नाही. तिला ते खरं वाटलं नसावं. मग कूड मोडल्याचा आवाज आला. तुराट्या काडकाड मोडत माय सरळ मधून आली. डोक्यावर वेचणीचं फडकं तसंच बांधलेलं, दंड काड्यांनी ओरबाडलेले. परसाच्या दारात उभी राहून तिनं ताट बघितलं, आणि मग मला. मी तिथं असेन हे तिला माहीत नव्हतं. ''थुक,'' ती म्हणाली. ''मंदे, थुक आधी!'' तिनं माझ्या तोंडात बोटं घातली. काकूनं ताटातली मेथी उचलून नाकाला लावली आणि तिच्या हातातून ती खाली पडली.

पहिल्यांदा मला काहीच झालं नाही. मी घाबरून दोघींकडं बघत राहिले. मायनं मिठाचं पाणी पाजलं, ओकारी झाली, थोडं बरं वाटलं. मग तोंडाला पाणी सुटायला लागलं. गिळलं तरी परत भरायचं, हनुवटीवरून ओघळायचं. अंगाला घाम, पोटात पीळ, आणि समोरची चूल धुक्यात गेल्यासारखी दिसायला लागली. काकूनं मला खांद्यावर टाकलं आणि ती रस्त्याकडं पळत सुटली. माय पुढं. चार माणसांत मान वर न करणारी माझी माय त्या दिवशी वालूरच्या रस्त्यावर मधोमध उभी राहून दोन्ही हात पसरून ओरडली आणि तिनं माणसांनी भरलेली एक जीप थांबवली. ''उतरा! लेकरानं औषध खाल्लंय, उतरा जल्दी!'' माणसं उतरली.

सेलूच्या डॉक्टरांनी सुई टोचली, डोळे बघितले आणि परभणीला न्यायला सांगितलं. तो रस्ता मला तुटक आठवतो. डोकं एकीच्या मांडीवर आणि पाय दुसरीच्या. खड्ड्यात जीप आदळली की चार हात मला धरायचे. दवाखान्यात पुन्हा सुया. त्या औषधानं तोंड कोरडं ठक्क पडलं, छाती धडधडायला लागली, आणि मी खाटेवर उठून बसायला बघायचे, काहीबाही बडबडायचे. कूड काढा म्हणत होते म्हणे. मला ते आठवत नाही. पुढं काकू तसं सांगायची, पण काकूला सांगताना थोडं वाढवायची सवय होती.

मला आठवतं ते असं, की दुसऱ्या दिवशी डोकं जरा थाऱ्यावर आलं होतं, डोळे मिटलेले होते, आणि खाटेच्या दोन्ही अंगांना दोघी बसल्या होत्या. मी झोपले आहे असं त्यांना वाटत होतं.

काकू म्हणाली, ''तुमी बघितलं होतं फवारताना.''

''व्हय.''

''मग मला कामून सांगितलं न्हाई?''

''मला वाटलं भावजी सांगतील. सकाळी कानावर आलं, तू येणार म्हणून. शेतात गेले तरी जीव लागंना. दुपारपर्यंत थांबवलंच न्हाई, म्हणून तर आले.'' मायचा आवाज बसला होता. ''सकाळीच कुडापाशी थांबून सांगितलं असतं तर... न्हाई सांगितलं.''

मग काकू म्हणाली, ''मामा बोलले तवाबी तुमी असंच केलं, आक्का. एक शब्द बोलायचा होता. हो म्हणला असता तरी चाललं असतं. मी दाराआड उभी होते.''

''मला म्हाईत होतं तू उभी हायेस.''

''मग?''

''मामांसमोर तोंड उघडायची छाती झाली न्हाई.'' मायनं माझ्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. ''आन दुसरं बी होतं. ही पोरगी माझी आन पळायची तुझ्याकडं. रोज बघायचे मी. त्या घडीला मनात आलं, हिला बी कळू दे जरा.''

मी डोळे घट्ट मिटून घेतले. काकू रडायला लागेल असं मला वाटलं. ती रडली नाही. ती उठली, बाहेरून कुठून तरी गरम चहा घेऊन आली आणि मायला म्हणाली, ''कालपासून पोटात काही न्हाई तुमच्या. घ्या.''

संध्याकाळी काका आला. जिंतूरहून परत येताना वाटेत त्याला कळलं होतं. दारातच उभा राहिला. कापसाचे पुंजके अजून त्याच्या सदऱ्याला चिकटलेले. माझ्या खाटेजवळ यायची त्याची हिंमत होईना. काकू त्याच्याकडं बघून एवढंच म्हणाली, ''मला सांगून जायचं होतं.'' तो भिंतीला टेकून खाली बसला आणि डोक्यावर दोन्ही हात घेऊन लहान पोरासारखा रडला. दादा त्याच्या शेजारी जाऊन बसले. दोघं भाऊ असे शेजारी बसलेले मी वाटणीनंतर पहिल्यांदा बघितले.

मला बरं व्हायला फार वेळ लागला नाही. अशक्तपणा मात्र राहिला, आणि छातीत ती धडधड अधूनमधून यायची. जीप दुपारी अंगणात आली तेव्हा काकू मला उचलून उतरली आणि थांबली. दोन दारं होती. ती मायकडं बघायला लागली. माय आपल्या दाराचं कुलूप काढत होती. मागं न वळता म्हणाली, ''तुझ्याकडंच ने. आमची चूल गार हाय.'' काकूची चूलही तितकीच गार होती. पण ती मला घेऊन आत गेली.

परसात काकानं वाल मुळापासून उपटून जाळला होता आणि मेथीचा वाफा खणून माती उलटी केली होती. मोडलेलं कूड त्यानं नीट केलं नाही, काढूनही टाकलं नाही. फवाऱ्याचा पंप त्यानं शेतातल्या कोठ्यावर, बैलांच्या गोठ्यात नेऊन ठेवला. फेकून दिला असं सांगायला मला आवडलं असतं, पण कापूस उभा होता. चुली पुढं कित्येक वर्षं दोनच राहिल्या. तेही खरं.

आणि मग फाल्गुनात मामा आले. सुगी झाली होती. आभाळ केव्हाच निवळलं होतं. ओसरीवर बसून त्यांनी फेटा काढून बाजूला ठेवला आणि दादांना म्हणाले, ''पोरीकडचे तयार हायेत. तारीख काढू.'' काका म्हणाला, ''मामा, माझं मन न्हाई.'' मामा हसले. ''तुझ्या मनाला कोण विचारतंय? वंशाचा विषय हाय.'' काका पुन्हा खाली बघायला लागला, दादा सुपारी कातरत राहिले. मी मधल्या दारात उभी होते. माझ्या मागून माय आली. तिनं मला बाजूला केलं, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि ओसरीवर गेली.

''मामा, या घरात दुसरी बाई येणार न्हाई.''

मामांना ऐकू आलं नाही असं वाटलं. ते म्हणाले, ''काय?''

''दुसरी बाई येणार न्हाई. गोदाला लेकरू न्हाई असं कोण म्हणायलंय? मंदा हाय तिची.''

दादांच्या हातातला अडकित्ता थांबला. मामा आधी दादांकडं बघायला लागले, मग काकाकडं, कुणीतरी या बाईला आत जायला सांगेल म्हणून. कुणी सांगितलं नाही. मला काय वाटलं ते अजून मला नीट सांगता येत नाही. माय मला देऊन टाकत होती, आणि इतकं आपलंसंही तिनं मला कधी केलं नव्हतं. पळून जावंसं वाटत होतं आणि कुणाकडं पळावं ते कळत नव्हतं.

माय आत आली. चुलीसमोर बसली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं, कारण पाहुणे आले की चहा ठेवायचा असतो, आणि दुसरं काय करावं हे तिला सुचत नव्हतं. परसाच्या दारात सावली पडली. काकू होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पलीकडच्या भिंतीला कान लावून ऐकलं असणार. वाटणी झाल्यापासून ती आमच्या स्वयंपाकघरात आली नव्हती. ती उंबरा ओलांडून आत आली, फळीवरचे डबे एकेक करून उघडून बघायला लागली आणि मायकडं पाठ ठेवूनच म्हणाली, ''आक्का, साखर कुठं ठिवायलाव आता?''

''तिथंच,'' माय म्हणाली. ''तू ठिवायचीस तिथंच हाय.''

बाहेर मामा वहाणा शोधत होते. चहा घ्यायला ते थांबले नाहीत. तो चहा आम्ही तिघींनी प्यायला.